स्कॅनरला साका दिसतो का?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. पेट्या थेट मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो. वरून देखणा आंबा कापल्यावर साका, म्हणजे आत खराब झालेला फिकट, स्पंजासारखा गर, निघतो आणि पैसे परत द्यावे लागतात. आंबा न कापता आतलं सांगणारा, हातात धरायचा स्कॅनर एका विक्रेत्याने दाखवला. घ्यावा का?
– एक बागायतदार भगिनी

उत्तर : ताई, केवळ साक्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. या यंत्रातला दिवा सालीतून जवळ-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश आत सोडतो. पाणी, साखर, पिष्ट त्यातला आपापला भाग शोषतात. उरलेला परत येतो, त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. हा प्रकाश जेमतेम सेंटिमीटरभर गरात शिरतो. साका धरतो बाठ्याच्या बाजूने, म्हणून तो या यंत्राला दिसत नाही. तो क्ष-किरणांत दिसू शकतो, पण ते यंत्र खळ्यात नेण्यासारखं नाही. ‘साकामुक्त’ असं पेटीवर छापायला या स्कॅनरचा आधार घेऊ नका, एवढं मी कळकळीने सांगतो.

मात्र काढणीचा दिवस ठरवायला तो खरोखर उपयोगी आहे. कच्च्या आंब्यात साखर कमी, पिष्ट जास्त. आढीत त्या पिष्टाची साखर होते. म्हणून झाडावरच्या फळाचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघण्यापेक्षा शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) बघायचा. ऑस्ट्रेलियातले आंबा बागायतदार अशाच हातातल्या यंत्राने तो मोजतात. पण त्यांच्या जातींवर बसवलेलं गणित तुमच्या हापूसला जसंच्या तसं लागू पडणार नाही.

ते स्वतः पडताळा. कोवळी, चौदा आणे तयार आणि पूर्ण तयार, अशी तिन्ही तऱ्हांची फळं घ्या. फळ पुसून कोरडं करा, सावलीत ठेवा. तापलेल्या फळाचा आकडा फसवा येतो. गालावर पेनाने गोल काढा, तिथेच स्कॅनर टेकवा, आकडा लिहा. मग त्याच गोलातली फोड साल काढून कापा, वजन करा आणि ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. २० ग्रॅमची फोड ३.६ ग्रॅम उरली, तर शुष्क पदार्थ १८ टक्के. दुसऱ्या गालाचंही तसंच करा. उन्हाकडचा आणि सावलीकडचा गाल सहसा सारखे नसतात. हे आकडे स्कॅनरच्या आकड्यांशी जुळत नसतील, तर विक्रेत्याला यंत्राचं गणित तुमच्या फळांवर बसवून द्यायला सांगा. पुढच्या हंगामात पुन्हा पडताळणी लागेलच.

साका कमी करायचा तर इलाज बागेत आहे. दूरच्या बाजारासाठी फळ झाडावर पिकू देऊ नका, चौदा आण्यांवर डेखासकट उतरवा. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, म्हणजे जमिनीची धग वर मारत नाही. उतरवलेला आंबा उन्हात तर घटकाभरही ठेवू नका.

विक्रेता तुमच्या बागेत, तुमच्या फळांवर चाचणी द्यायला तयार नसेल, तर आगाऊ पैसे देऊ नका.