भर दिवसा दुर्बीण : सूर्य, शुक्र आणि गुरूचे फोटो

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांत इंदूरच्या हौशी निरीक्षकांची पत्रं घेतली आहेत. सूर्याकडे दुर्बीण वळवण्याआधी फिल्टरबद्दलचं उत्तर सगळ्यांनीच वाचावं, म्हणून ते सर्वांत आधी दिलं आहे.

प्रश्न : जुन्या ६ इंची परावर्ती दुर्बिणीसोबत आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) बसवायची एक गडद हिरवी काच मिळाली आहे. तिच्यावर ‘सन’ असं लिहिलं आहे. सूर्याच्या फोटोसाठी ती चालेल का? (रामबाग)

मुळीच नाही. ती काच फोडून कचऱ्यात टाका. कपाटात राहिली, तर उद्या घरातलं एखादं मूल ती लावून सूर्याकडे बघेल. ६ इंची आरशाने गोळा केलेली उष्णता आयपीसजवळ एकवटते आणि नेमकी तिथेच ही काच बसते. ती तापून अचानक तडकते आणि डोळा बाजूला घ्यायलाही वेळ मिळत नाही. एक्स-रे फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांचाही उपयोग नाही.

फिल्टर हवा तो दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरण्याआधी. बाडर कंपनीची ‘अ‍ॅस्ट्रोसोलार’ फिल्म साधारण ए-४ आकारात मिळते. तिचे दोन प्रकार आहेत. घनता ५ची फिल्म एक लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. डोळा आणि कॅमेरा दोन्हींसाठी तीच घ्या. ३.८ घनतेची फिल्म त्याच्या सुमारे १६ पट प्रकाश सोडते. ती फक्त कॅमेऱ्यासाठी आहे, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही.

चौकट घरी होते. खजुरी बाजारातून जाड कार्डशीट आणा. ३ ते ४ सेंटिमीटर रुंदीची पट्टी नळीभोवती तीन-चार वेढे देऊन फेविकॉलने चिकटवा. आधी नळीवर कागदाचा एक वेढा घ्या आणि चौकट वाळल्यावर तो काढून टाका, म्हणजे चौकट अडकत नाही. पुठ्ठ्याच्या दोन कड्या कापा आणि त्यांच्यामध्ये फिल्म दुहेरी टेपने बसवा. फिल्म ताणू नका. ढिली राहिली आणि सुरकुत्या दिसल्या तरी प्रतिमेत काही फरक पडत नाही. ताणली की मात्र प्रतिमा बिघडते. चौकट नळीला तीन ठिकाणी टेपने बांधा, कारण वाऱ्याची एक झुळूकही ती उडवायला पुरते. दर वेळी लावण्याआधी फिल्म प्रखर दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोकं पडली नाहीत ना, हे बघा. फाइंडरची (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीची) दोन्ही टोकं झाका, किंवा सरळ तो काढूनच ठेवा. उघड्या फाइंडरमुळे कपडे आणि कातडी भाजते.

दुर्बीण ८ इंची असेल, तर ए-४ फिल्म रुंदीला थोडी कमी पडते. अशा वेळी पूर्ण तोंड पुठ्ठ्याने बंद करून, मधला छोटा आरसा टाळून, एका बाजूला ६५–७० मिमी व्यासाचं भोक पाडा आणि तेवढ्यावरच फिल्म लावा.

प्रश्न : फिल्टर बरोबर आहे, फोकसही जुळवतो, तरी दुपारी बारा वाजता गच्चीवरून घेतलेल्या फोटोत सूर्याची कड उकळल्यासारखी दिसते. सूर्यडागांचे तपशील येत नाहीत. मोठी दुर्बीण घ्यावी का? (सुदामानगर)

पैसे वाचवा. दुर्बीण मोठी झाली, तर ही थरथर आणखी स्पष्ट दिसेल. दोष दुर्बिणीसमोरच्या हवेचा आहे. अकराच्या पुढे काँक्रीटची गच्ची, कठडा आणि पाण्याची टाकी तापतात आणि त्यांच्यावरून उठणारी गरम हवा थेट नळीसमोरून जाते. गरम आणि थंड हवेत प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून कड हलते.

उपाय वेळेचा आणि जागेचा. सकाळी साधारण ८ ते ९.३० या वेळात सूर्य पुरेसा वर आलेला असतो आणि जमीन अजून तापलेली नसते. गच्चीऐवजी हिरवळ मिळाली तर उत्तम. त्याहून बरी जागा म्हणजे बिलावली किंवा सिरपूर तलावाची पाळ, मात्र सूर्य पाण्याच्या बाजूला असेल अशी. पाणी जमिनीइतकं लवकर तापत नाही, म्हणून त्यावरची हवा शांत असते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर उभारली, ती याच कारणासाठी. गच्चीच हवी असेल, तर दुर्बिणीभोवती पाणी शिंपडा, कठड्यापासून दूर उभे राहा आणि नळीवर पांढरं कापड टाका. कड मोठ्या, संथ लाटांनी हलत असेल, तर बहुतेक वेळा उष्णता नळीत किंवा अगदी जवळ असते. दुर्बीण अर्धा तास सावलीत ठेवून बघा.

एकच फोटो न काढता व्हिडिओ घ्या. एक्स्पोजर १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा, म्हणजे थरथर त्या क्षणापुरती गोठते. दीड-दोन हजार फ्रेम घ्या. ‘ऑटोस्टॅकर्ट’ या संगणक प्रोग्रॅममध्ये त्यांतल्या सर्वांत स्पष्ट ५ ते १० टक्के एकत्र करा आणि मग ‘रजिस्टॅक्स’मध्ये धार द्या. धार जास्त झाली की सूर्यडागाभोवती पांढरी कडी उमटते. ती दिसली की मागे या. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) लावून खूप मोठं करायचं असेल, तर ३.८ घनतेची फिल्म इथे उपयोगी पडते, कारण एक्स्पोजर कमी ठेवता येतं. फोकस सूर्याच्या कडेवर न करता एखाद्या डागाच्या गडद गाभ्यावर करा. लॅपटॉपच्या पडद्यावर आणि स्वतःच्या डोक्यावर काळं कापड घेतल्याशिवाय उन्हात फोकस कळत नाही.

प्रश्न : डीएसएलआर थेट दुर्बिणीला जोडतो. पूर्ण सूर्य एका फ्रेममध्ये येईल का? (स्नेहलतागंज)

दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थला, मिलिमीटरमध्ये) ११०ने भागा. सेन्सरवर सूर्याची प्रतिमा साधारण तेवढ्या मिलिमीटरची पडते. ९०० मिमीला सुमारे ८ मिमी. बहुतेक साध्या डीएसएलआरमधल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची उंची १५ मिमीच्या आसपास असते, म्हणजे १५०० मिमीपर्यंत अडचण नाही. आयएसओ १००, १/२५० ते १/१००० सेकंद, लाइव्ह व्ह्यू आणि २ सेकंदांचा टायमर ठेवा.

प्रश्न : शुक्र दिवसा दिसतो असं वाचलं. तासभर शोधूनही सापडला नाही. कुठे चुकतं? (लोकमान्यनगर)

बहुतेकांचं फोकस चुकतं. शुक्र दुर्बिणीच्या क्षेत्रात आलेला असतो, पण फोकस जरा जरी सरकलेलं असेल, तरी त्याचा प्रकाश पसरून निळ्या आकाशात विरून जातो. आदल्या रात्री एखाद्या ताऱ्यावर फोकस जुळवा आणि फोकसरच्या नळीवर पेन्सिलीने खूण करा. फोटो कॅमेऱ्याने घेणार असाल, तर कॅमेऱ्याची खूण वेगळी.

आता सुरक्षितता. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर जातो आणि त्याचे फोटो उघड्या दुर्बिणीने घ्यायचे असतात. म्हणून दुर्बीण एखाद्या भिंतीच्या सावलीत ठेवा. शुक्र पहाटेचा असेल, तर सकाळी तो सूर्याच्या वर असतो. पूर्वेची भिंत सूर्याला झाकते आणि शुक्र तिच्या वर राहतो. पण सूर्य चढत जातो. सावलीची कड नळीच्या तोंडाजवळ आली की झाकण लावा आणि काम थांबवा. शुक्र संध्याकाळचा असेल, तर दुपारनंतर पश्चिमेची भिंत वापरा. तिथे सूर्य भिंतीमागे खाली खालीच जातो, म्हणून नवख्यांसाठी हाच काळ चांगला. दोघांतलं अंतर २० अंशांहून कमी असेल, तर नाद सोडा.

शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पहाटेचा शुक्र अंधारातच पकडायचा आणि मोटरने त्याच्या मागे राहत उजाडू द्यायचं. नाहीतर विषुववृत्तीय माउंटचा (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरणाऱ्या स्टँडचा) आस उत्तरेकडे करून इंदूरच्या अक्षांशाला, म्हणजे २२.७ अंशांवर लावा. होकायंत्र वापराल, तर लोखंडी कठडा आणि स्लॅबमधल्या सळ्यांपासून लांब उभे राहून दिशा घ्या. तोंडावर फिल्टर लावून, नळीची सावली सर्वांत लहान होईल अशी दुर्बीण फिरवली की सूर्य क्षेत्रात येतो. मग माउंटच्या खुणांच्या वर्तुळावर सूर्याचा विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) बसवा आणि ‘स्टेलॅरियम’ या आकाशदर्शन अ‍ॅपमधून शुक्राचा विषुवांश आणि क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) बघून तिकडे वळा. गो-टू माउंट (स्वतःच वळणारा) असेल, तर सूर्यावर सिंक करून, म्हणजे त्याला सूर्याची जागा पटवून, शुक्राकडे पाठवा. पुष्कळ माउंटमध्ये सूर्य मेनूतून आधी चालू करावा लागतो. नळीचं तोंड पूर्ण सावलीत आल्यावरच फिल्टर काढा. २५ मिमीचं आयपीस ७०० मिमीच्या दुर्बिणीत २८ पट मोठं दाखवतं आणि जवळपास पावणेदोन अंश आकाश दिसतं. तेवढ्यात शुक्र यायला हवा.

फोटोसाठी लाल किंवा ६८५ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड पास फिल्टर लावा. हवेतून विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणून ४५० नॅनोमीटरच्या निळ्यापेक्षा ६८५ला आकाशाचा उजेड पाच पटींहूनही अधिक कमी विखुरतो. पावसाच्या सरीनंतर धूळ बसलेली असताना फरक आणखी जाणवतो. मे महिन्यातल्या पांढुरक्या आकाशात फारसा नाही.

प्रश्न : त्याच पद्धतीने गुरूचा फोटो घेतला, पण तो राखाडी आणि फिकट आला. पट्टे दिसतच नाहीत. (लोकमान्यनगर)

गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे, म्हणून त्याच्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या १/२७ प्रकाश पडतो. शुक्रावर जवळपास दुप्पट. म्हणजे शुक्राच्या आणि गुरूच्या उजेडात ५० पटींचा फरक, आणि त्यात शुक्राचे ढग प्रकाश अधिक परावर्तितही करतात. दुपारच्या आकाशासमोर गुरूचा टिकाव लागत नाही.

पण एक युक्ती आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. सूर्यापासून ९० अंशांवर आकाशाचा प्रकाश सर्वाधिक ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असतो. गुरू सूर्याच्या पश्चिमेला ९० अंशांवर असतो, त्या काळात तो सूर्योदयाच्या सुमारास माथ्याजवळ येतो. तेव्हा पोलरायझर (असा प्रकाश अडवू शकणारा फिल्टर) लावून तो फिरवत राहा. एका स्थितीत आकाश काळवंडतं आणि गुरू तसाच राहतो. सोबत ६८५चा फिल्टर लावा आणि सूर्योदयानंतर पहिल्या तासातच काम उरका. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) आकाशाचा डोंगर मधोमध ठेवा, उजवीकडे टेकू देऊ नका. नंतर संगणकावर काळा बिंदू (फोटोतला सर्वांत गडद स्तर) वर आणून आकाशाचा उजेड वजा करता येतो. आकाशाच्या उजेडामुळे फोटोत दाणेदारपणा जास्त असल्याने रात्रीपेक्षा जास्त फ्रेम लागतात.

प्रश्न : सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला याच फिल्मने येतील का? रात्रीच्या तेजोमेघांसाठी घेतलेला एच-अल्फा फिल्टर आहे. (नारायणबाग)

नाही. त्यासाठी हायड्रोजनच्या लाल रेषेभोवती, म्हणजे ६५६.२८ नॅनोमीटरभोवती, एक अँगस्ट्रॉमपेक्षाही (०.१ नॅनोमीटर) अरुंद पट्टा गाळणारी खास सौर दुर्बीण लागते. तुमचा फिल्टर कित्येक नॅनोमीटर रुंद आहे. सूर्याकडे तो धोकादायकही आहे आणि निरुपयोगीही.

प्रश्न : रोज एक फोटो काढतो, पण डाग कालच्या फोटोशी जुळत नाहीत. (सुदामानगर)

फोटोत उत्तर दिशा निश्चित करा. मोटर बंद करून सूर्य सरकू द्या. तो ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम, आणि स्वतःच्या व्यासाएवढं अंतर जायला त्याला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम एकत्र केली की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कॅमेरा एकदा त्या रेषेला समांतर फिरवून घट्ट करा आणि रोज तसाच जोडा. वेळही रोज तीच ठेवा, फोटोच्या नावात तारीख आणि वेळ लिहा. पृथ्वीवरून बघता सूर्याची फेरी सुमारे २७ दिवसांची, म्हणून डाग रोज १३ अंशांच्या आसपास पश्चिमेकडे सरकतो आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला दोन आठवड्यांहून थोडे कमी दिवस घेतो. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४पासून असे फोटो जपले आहेत.