वाचकांचे प्रश्न : रक्त कमी तर सलाईन का, उन्हाचा ताप गोळीने का उतरत नाही

या वेळी नर्सिंगच्या पोरींची पत्रं खूप आलीत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात शरीराच्या आत काय बिघडतं ते, पाठ होते पण वॉर्डात उभं राहिलं की आठवत नाही. चार पत्रं घेतलीत. पहिल्यावर जास्त लिहिलंय कारण त्यातला सिकलसेल हा आजार आपल्या घराघरातला आहे.

प्रश्न : मॅडम, मी जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव गडचिरोली जिल्ह्यात. वॉर्डात सिकलसेलचा एक मुलगा होता, हिमोग्लोबिन ७.८. मला वाटलं रक्त लावतील, पण सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन एवढंच दिलं. वायवाला (तोंडी परीक्षेला) मी सांगितलं की रक्त कमी म्हणून दुखतं, तर सरांनी परत पाठवलं. माझं काय चुकलं?

उत्तर : रक्त कमी असणं वेगळं आणि रक्त अडणं वेगळं. सिकलसेलमधे दोन्ही असतं, पण तो मुलगा रडत होता तो रक्त अडल्यामुळे.

आपली तांबडी पेशी साधारण ७-८ मायक्रॉनची, आणि सगळ्यात बारीक केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद, म्हणजे पेशीला वाकून, दबून पुढे सरकावं लागतं. पावसाळ्यातली आपली पांदण आठव, एकच बंडी कशीबशी निघते आणि ती आडवी झाली की मागच्या सगळ्या थांबल्या. आता पेशीच्या आत बघ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिड असायला पाहिजे तिथे व्हॅलिन बसलेलं असतं, बिघाड एवढाच. ऑक्सिजन धरून आहे तोवर सगळं ठीक, ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांब कडक काड्या बनतात. मऊ पोत्यात पऱ्हाट्या कोंबल्या तर पोतं कसं वाकडं होतं, तशी पेशी विळ्यासारखी होते. फुप्फुसात जाऊन परत ऑक्सिजन मिळाला की सुरुवातीला सरळही होते, पण असं पुन्हा पुन्हा झालं की वाकडी ती वाकडीच राहते. रक्ताचा हा आजार मुळात एका रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं.

आता इथून तू स्वतःच पुढे चाल. कडक पेशी लवकर फुटते, १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच जगते, म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशीतून बिलिरुबिन वाढतं, म्हणून डोळे पिवळे (आणि मग लोक त्याला कावीळ समजून झाडपाल्याचं औषध द्यायला नेतात, हे मी फार पाहिलंय). आणि न फुटलेली पेशी केशवाहिनीत आडवी होते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, हाडाच्या आतला मगज मरायला लागतो, तिथे सूज येते पण हाड काही फुगत नाही, सगळा दाब आतच. ते दुखणं असं असतं. लहान बाळांमधे हेच हातापायाच्या बोटांवर सूज म्हणून दिसतं, तेही पहिले पाच-सहा महिने गेल्यावर, कारण तोवर अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते काड्या बनू देत नाही. सिकलसाठी देतात ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी हेच हिमोग्लोबिन परत वाढवते. बघ, औषधाचं कारणही तिथंच निघालं.

आता सलाईन. पेशीतलं पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन दाटीवाटीने बसतं आणि लवकर चिकटतं. त्यात या पेशंटच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, कारण किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी, तिथल्या बारीक वाहिन्या आधी खराब होतात. म्हणजे हे पोरगं पाणी कमी प्यायलं तरी लघवी करतच राहतं. अंथरूण ओलं करतं म्हणून आई रात्री पाणी बंद करते, आणि पहाटे दुखणं सुरू. हे आईला समजावून सांगणं तुझं काम. पण सलाईन चढवतच राहायचं असंही नाही, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साचतं, म्हणून इनटेक-आउटपुट चार्ट खरा भरायचा, अंदाजे नाही.

रक्त का नाही लावलं? त्या मुलाचं शरीर ७-८ वर जगायला सरावलेलं असतं. नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवलं तर रक्त आणखी घट्ट होतं आणि पांदणीतली गर्दी वाढते. रक्त लागतं ते हिमोग्लोबिन अचानक खाली गेलं तर, म्हणजे प्लीहेत रक्त साठलं, पार्वोव्हायरस नावाच्या विषाणूने हाडातल्या मगजाचं रक्त बनवायचं काम थांबवलं, किंवा छातीचा त्रास, पक्षाघात असं काही झालं तर. म्हणून सिकलच्या लेकराचं पोट रोज हाताने तपास. काल न लागणारी प्लीहा आज बोटाला लागली आणि लेकरू पांढरं पडलं तर धावत जाऊन डॉक्टरांना सांग. आणि ताप आला तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही, प्लीहा नीट काम करत नसल्याने न्यूमोकॉकससारखे जंतू काही तासांत जीवावर उठतात.

एक सांगते, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. मी नवीन स्टाफ होते तेव्हा आमच्या वॉर्डात एक सतरा वर्षांचा मुलगा महिन्यातून दोनदा यायचा. "सिस्टर, हाडं फुटून राहिले माहे," एवढंच म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. बीपी ठीक, ताप नाही, अंगावर जखम नाही. वॉर्डात सगळे म्हणायचे सुईची सवय लागली याला, नाटक करतो. मीही एक रात्र त्याला इंजेक्शन उशिरा दिलं, मुद्दाम. सकाळी चादर बदलताना पाहिलं तर त्याने उशीची कड दातांनी फाडून ठेवली होती. सिकलच्या दुखण्याची एकही खूण मॉनिटरवर दिसत नसते, पेशंट दहापैकी नऊ म्हणाला तर नऊच लिहायचं आणि औषध वेळेवर द्यायचं. बर्फाने शेकायचं नाही, थंडीने वाहिन्या आकसतात. गरम शेक, गरम पांघरूण.

तू पत्रात शेवटी लग्नाचंही विचारलंय. दोघंही वाहक असतील, म्हणजे बिघाड एकाच बाजूने आलेला पण स्वतःला आजार नाही, तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता बाळाला आजार असण्याची, ५० टक्के वाहक, २५ टक्के काहीच नाही. गावात याचा अर्थ लोक असा लावतात की पहिलं लेकरू आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नाही, प्रत्येक वेळी नव्याने तेवढीच शक्यता. आणि सिकलची पहिली साधी तपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली म्हणजे वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या खूप होत आहेत, पण कागद हातात देऊन त्याचा अर्थ न सांगितला तर बाई तो कागद डब्यात ठेवून देते.

प्रश्न : ताई, मी चंद्रपूरकडची, एएनएम नर्सिंग करते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एका काकाला आणलं, ताप १०६ फॅरनहाइट, बरळत होता. घरच्यांनी ब्लँकेट गुंडाळलं होतं. पॅरासिटामॉलचं इंजेक्शन दिलं पण ताप हललाच नाही. असं का?

उत्तर : कारण तो ताप नव्हताच. अंग तापणं दोन तऱ्हेचं असतं आणि थर्मामीटर त्यात फरक करत नाही, तो तुला करावा लागतो.

मेंदूत हायपोथॅलॅमस आहे, तो कूलरच्या बटणासारखा अंगाचा आकडा ठरवतो, ३७ डिग्री सेल्सिअसच्या आसपास. मलेरिया, न्यूमोनिया यात जंतूंमुळे प्रोस्टाग्लॅंडिन तयार होतं आणि ते बटणच वर सरकवतं, ३९ वर समज. आता मेंदूला वाटतं अंग थंड आहे, म्हणून पेशंट कुडकुडतो, गोधडी मागतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लॅंडिन कमी करतं, बटण खाली येतं, घाम फुटतो, ताप उतरतो. उष्माघातात बटण ३७ वरच असतं! मेंदू अंग थंड करायची सगळी धडपड करत असतो, पण बाहेर ४५-४६, अंगात पाणी उरलेलं नाही, आणि काम करून स्नायू आतून तापवत आहेत. जे बटण हललंच नाही ते गोळीने खाली काय येणार. उलट आधीच भाजलेल्या लिव्हरवर औषधाचा भार.

म्हणून पहिलं काम ते ब्लँकेट काढणं, दुसरं कपडे सैल करून अंगावर पाणी मारणं आणि पंखा किंवा कूलर सरळ अंगावर लावणं. दोन्ही लागतं, पाणी आणि वारा. माठ थंड कशाने होतो, बाहेर झिरपलेलं पाणी उडून जातं म्हणून. अंगावरून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. नुसता टपकलेला घाम कामाचा नाही, म्हणूनच जूनमधे पाऊस पडायच्या आधी ऊन थोडं कमी असूनही जीव जास्त घाबरा होतो, हवेत ओल असते आणि घाम उडत नाही. काखेत थर्मामीटर लावला तर आतला खरा आकडा कळत नाही, गुदद्वारातून घ्यावा लागतो. ४० च्या वर आणि बरळणं, झटके किंवा बेशुद्धी, मग घाम असो की नसो, उष्माघात धरूनच चालायचं. अंग कोरडं असेल तरच उष्माघात, हे डोक्यातून काढून टाक, उन्हात काम करताना पडलेल्या माणसाचं अंग घामाने चिंब असू शकतं. ३८.५ च्या जवळ आलं की पाणी मारणं थांबव, नाहीतर फार खाली जातं.

लघवी कोकाकोलासारखी आली तर लगेच सांग, स्नायू विरघळून त्यातलं मायोग्लोबिन किडनीत अडकतंय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पन्हं किंवा पाणी ओतू द्यायचं नाही, प्रेमाने देतात पण श्वासनलिकेत जातं. आणि आपल्या जंगलपट्ट्यात एक गोष्ट कधी विसरू नको, ताप आणि बरळणं म्हणजे मेंदूचा मलेरियाही असू शकतो, तेव्हा एकीकडे थंड करत असतानाच मलेरियाच्या झटपट तपासणीचं (आरडीटी) किट उघड आणि शुगर बघ. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवू दे, त्यावरून म्हाताऱ्या माणसांशी वाद घालत बसू नको, पण सोबत पाण्याची कॅन आणि डोक्याला दुपट्टा पाहिजे.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातली, बी.एस्सी. नर्सिंगला. माझ्या बाबांना कपाशीवर फवारणी करताना विष चढलं. ॲट्रोपिन देत होते, ठोके १३० झाले तरी देतच होते. मले तर वाटलं आता हार्ट बंद पडते. ते बरोबर होतं का?

उत्तर : बाबा घरी आले हे पत्रात वाचून बरं वाटलं. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते दिवस आम्ही कोणी विसरलो नाही.

फवाऱ्याचं औषध ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं असेल तर गोष्ट अशी. नस आपला निरोप ॲसिटिलकोलीनने पोहोचवते आणि निरोप पोहोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाईम तो पुसतं. विष त्या एन्झाईमलाच धरून बसतं. निरोप पुसलाच जात नाही, म्हणून लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब सगळं एकदम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, आणि जीव घेणारी गोष्ट म्हणजे फुप्फुसात भरलेला चिकट द्रव. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. ॲट्रोपिन हा निरोप ग्रंथींपर्यंत जाऊ देत नाही. त्यामुळे डोस कुठे थांबवायचा हे मुख्य छाती सांगते. स्टेथो लावल्यावर बुडबुड थांबून छाती कोरडी झाली पाहिजे, ठोके ८० च्या वर आणि बीपी सावरलेलं पाहिजे. ठोके वाढले एवढ्यावरून औषध थांबवत नाहीत. जास्त झालं तर मात्र ताप चढतो, माणूस हवेत काहीतरी पकडायला लागतो, आतड्याचा आवाज बंद होतो, लघवी तुंबते, हे दिसलं की सांगायचं.

पण ॲट्रोपिन स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पेशंट सुधारला, बोलायला लागला, तरी पुढचे एक ते चार दिवस दर ड्युटीला एक गोष्ट कर, त्याला म्हण, "काका, उशीवरून डोकं उचला बरं." उचलता आलं नाही तर श्वासाचे स्नायू थकत चाललेत, व्हेंटिलेटर लागू शकतो. हे मी मोठ्या अक्षरात वहीत लिहून ठेवलेलं होतं. आणि कपडे काढून साबणपाण्याने अंग, केस, नखं धुवायचे, हातमोजे घालून, कारण विष कातडीतूनच शिरतंय. घरच्यांना फवाऱ्याच्या औषधाचा डबा आणायला लाव. प्रत्येक फवारा या जातीचा नसतो आणि नाव कळलं की उपचार बदलतो.

प्रश्न : आमच्या आजीच्या लघवीला मुंग्या लागतात. डायबेटिस का? आणि इतकी तहान का लागते?

उत्तर : रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. मुंग्या बरोबर सांगून राहिल्या. आजीला उपकेंद्रात नेऊन बोटातलं रक्त तपास. आणि त्याच वेळी तिचे दोन्ही तळपाय उलटे करून उजेडात बघ, बोटांच्या मधेही.