चेक वाटले, पण पोरं टिकली का?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं कॉलेज आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून बीएस्सीच्या गरजू मुलांसाठी तीन वर्षं योजना चालवतोय, निम्मी फी, बुक बँक आणि कमवा-शिकातून लायब्ररीत काम. दरवर्षी चाळीसेक मुलं असतात. आता देणगीदार विचारतायत उपयोग काय झाला, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्येही काहीतरी लावायचंय. आमच्या मुलांचा रिझल्ट बाकीच्या वर्गापेक्षा चांगला लागतो, एवढं लिहिलं तर चालेल का? शिवाय एटीकेटी लागलेल्यांना, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांना, योजनेतून काढा असं काही सहकारी म्हणतायत, काय करावं?
– रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, लिहायला काय, चालेल, देणगीदारही खूश होतील, पण त्यातून कळत काहीच नाही. मुलं निवडता कशी? बारावीचे मार्क बघूनच ना? मग ती पोरं तुमच्या पैशांशिवायही वर्गाच्या पुढेच राहिली असती. केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 रुपये ठरलेत, पण ती बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आलेल्यांना, तिथे घरात चूल पेटते की नाही हे कोणी विचारत नाही. ती हुशारीची शिष्यवृत्ती झाली, तुमची योजना गरजेची आहे, मग फूटपट्टी पण वेगळी लागणार.

तुलना करायचीच तर ज्यांनी अर्ज केला, गरजू होती, मार्कही साधारण तेवढेच, पण जागा संपल्या म्हणून राहिली, त्या मुलांशी करा. ती यादी ऑफिसच्या कपाटात नक्की सापडेल. पुढच्या वर्षी सारख्या पात्रतेची मुलं जागांपेक्षा जास्त आली तर सरळ चिठ्ठ्या टाका, भांडणंही मिटतात आणि तुलनाही स्वच्छ होते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये ‘एसॅप’ म्हणून योजना काढली, फीचा उरलेला भाग, पुस्तकं, मेट्रोचा पास आणि वरचेवर भेटणारा सल्लागार, आणि तिची तपासणी अशाच चिठ्ठी पद्धतीने झाली. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेतले 40 टक्के, बाहेरचे 22. ती काही फक्त सायन्सची योजना नाही, पण मला त्यात तो मेट्रोचा पासच जास्त महत्त्वाचा वाटतो. (अमेरिकेत गरजू सायन्सच्या मुलांसाठी ‘एस-स्टेम’ नावाची शिष्यवृत्ती आहे, तिचा पैसा एच-वन-बी व्हिसाच्या फीमधून येतो, म्हणजे आपल्या पुण्याच्या पोरांसाठी कंपनीने भरलेल्या फीतून तिकडचं एखादं पोरगं फिजिक्स शिकत असेल, गंमतच आहे.)

पण चाळीस मुलांत टक्केवारीच्या फार नादी लागू नका, दोन पोरं इकडची तिकडे झाली की 5 टक्के हलतात. तिन्ही वर्षं एकत्र मोजा आणि प्रत्येक मुलाची एक ओळ लिहा, कुठल्या सेमिस्टरला होतं, कधी गळलं, का गळलं. गळलेल्यांना फोन करा हो, रिपोर्टातली सगळ्यात कामाची पानं तिथून निघतात. फीमुळे गेलं असं वाटत असतं आणि निघतं काय तर शेवटची एसटी पाच वाजता आणि प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला.

कमवा-शिकाचं तर सायन्सवाल्यांसाठी वेगळंच दुखणं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर, कल्पना सोन्यासारखी आहे, पण आर्ट्सच्या मुलाची दुपार मोकळी असते आणि बीएस्सीवाला तेव्हा ब्युरेट धरून उभा असतो. मग तो काम करणार कधी, जर्नल लिहिणार कधी? म्हणून कामाचे तास आणि राहिलेले विषय एकाच तक्त्यात शेजारी मांडा, जास्त तास करणाऱ्यांचेच विषय राहत असतील तर तुमची मदतच त्यांना मागे ओढत असेल. अशांना लॅबमध्येच काम द्या, सोल्युशन्स बनवणं, काचसामान धुणं, तेवढीच प्रॅक्टिकलची तयारी. आणि पैसे हातात कोणत्या तारखेला पडले ते पण लिहा, जूनची फी मार्चमध्ये मिळाली तर मधल्या काळात बापाने सावकार गाठलेला असतो.

एटीकेटीवाल्यांना काढायचं का? अजिबात नको. त्यांना काढलं की रिझल्ट आपोआप चकाचक दिसणार, योजना होती तशीच राहून. नॅकच्या फाइलीला ते बरं दिसेल, पण देणगी ज्यांच्यासाठी जमवली तीच पोरं दाराबाहेर. त्यापेक्षा त्यांचे कामाचे तास एका सेमिस्टरपुरते कमी करा, पैसे तेवढेच ठेवा, आणि पुढच्या परीक्षेत किती विषय सुटतात ते बघून मला कळवा.