कपडेपटातून : साहेबाच्या डोक्यावर काय द्यायचं?

स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की आमच्या धुळ्याच्या दुकानात पहिली मागणी फेट्यांची असते आणि दुसरी साहेबाच्या टोपीची. यंदा पत्रंही टोपीचीच जास्त आली आहेत, म्हणून या वेळचा सगळा रकाना तिलाच देऊन टाकतो. धोतराच्या निऱ्यांबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर कळ काढावी.

आप्पा, आमच्या शाळेत इंग्रजांशी लढलेले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांच्यावर नाटुकलं बसवतोय. अंबापाणीच्या लढाईत तीन इंग्रज अधिकारी आहेत. तुमच्याकडच्या टोकवाल्या पांढऱ्या शिकारी टोप्या मिळतील का?
— एक शिक्षिका, शिरपूर

ताई, टोप्या आहेत, पण या नाटकाला मी त्या देणार नाही. गिऱ्हाईक परत पाठवतो म्हणून घरचे ओरडतात, ओरडू देत.

अंबापाणीची लढाई १८५८ची. तुम्ही म्हणता ती उंच घुमटाची, वर पितळी टोक असलेली पांढरी टोपी ब्रिटिश सैन्याने परदेशातल्या पलटणींसाठी १८७७ साली मंजूर केली. ती बुचाची, म्हणजे कॉर्कच्या झाडाच्या सालीची, वरून पांढरं कापड चढवलेली. १८७९च्या झुलू युद्धाच्या चित्रांत दिसते ती हीच. सिनेमावाल्यांनी ती मागे ओढत पार पेशवाईपर्यंत नेऊन ठेवली आहे, त्यामुळे इंग्रज म्हटला की टोक हवंच, असं सगळ्यांना वाटतं.

मग १८५८ला काय? बहुतेकांच्या डोक्यावर साधी कापडी टोपी, तिच्यावर पांढरा अभ्रा आणि मागे मानेवर लोंबणारा पदर. या पदराला जनरल हॅवलॉकचं नाव चिकटलं. आपल्या भागापुरती एक गंमत सांगतो. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा औट्रॅम १८५७च्या सप्टेंबरात लखनौच्या स्वारीत याच हॅवलॉकच्या सोबत होता. तेव्हा तो पदर आपल्याला अगदीच परका नाही.

त्या आधीच, १८४०च्या दशकातल्या पंजाबच्या लढायांपासून, काही अधिकारी स्वतःच्या खर्चाने भेंडाच्या हलक्या टोप्या करून घेत आणि त्यांच्याभोवती कापडाचे पीळ गुंडाळत. म्हणून तुमच्या तिघांतल्या वरच्या हुद्द्याच्या साहेबाला बिनटोकाची, फडकं गुंडाळलेली एक टोपी देतो. बाकी दोघांना अभ्र्याच्या टोप्या. अभ्रे शाळेतच शिवा, जुन्या पांढऱ्या धोतराचं एक पान पुरेल. पदर खांद्याला टेकेल एवढा ठेवा. पोरं तो आखूड ठेवतात आणि मग साहेब स्वयंपाक्यासारखा दिसतो.

आणि पहिल्या प्रवेशात औट्रॅम दाखवणार असाल तर यातलं काहीच चालणार नाही. १८२५च्या गोऱ्या शिपायाच्या डोक्यावर शाको असे, उंच नळकांडं, पुढे छोटी झडप. ऊन अडवायचं काम ती कधी करतच नव्हती. पुठ्ठ्याची होते, दुकानात आहे.

आजोबा रेल्वेत होते. त्यांची सोला हॅट, म्हणजे भेंडाची साहेबी टोपी, माळ्यावर सापडली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आप्पा, हाई टोपी खरंच डोकं थंडं ठेवस का? घालू का?
— एक वाचक, भुसावळ

भाऊ, आधी ती टोपी उलटी करून बघा. माझ्याकडे भुसावळच्याच एका घरातून आलेली एक आहे, ती समोर ठेवून लिहितोय. काठाच्या खालच्या बाजूला हिरवं कापड आहे. जमिनीवरून येणारी तिरीप डोळ्यांना लागू नये म्हणून ते. आत घाम टिपायला कातडी पट्टा, आणि तो पट्टा टोपीच्या अंगाला चिकटलेला नाही. दोन्हींच्या मधे बुचाचे छोटे तुकडे लावून बोटभर फट ठेवलेली आहे. माथ्यावर भोकांची एक गुंडी आहे, ती फिरवली की निघते. खालून शिरलेली हवा डोक्यावरून फिरून त्या भोकांतून बाहेर जाते. सगळी करामत त्या फटीत आहे. फट बुजली असेल तर टोपी नुसतं झाकण उरते.

अंग कशाचं आहे ते एका जागी दिसतं, तिथे उंदराने कापड कुरतडलंय. आत पांढरे पातळ पदर, एकावर एक चिकटवलेले. हेच भेंड. लग्नातली बाशिंगं ज्याची होतात तेच. पाणथळीत उगवणारं झुडूप, त्याच्या खोडाचा गाभा. बंगालकडे ते मुबलक. कारागीर धारदार सुरीने तो गाभा सोलत जाऊन लांब पातळ पट्ट्या काढतो, साच्यावर थरावर थर डकवतो आणि वरून कापड चढवतो. गाभ्यात सगळी हवाच, म्हणून वजन नाही आणि उष्णताही लवकर आत जात नाही. पण नख दाबलं तरी खूण राहते, आणि पावसात भिजली की फुगून आकार सोडते. सैन्याने बुचाची टोपी घेतली ती याचसाठी. बुचाची जड, पण धसमुसळेपणा सोसणारी.

आता तुमचा प्रश्न. सावली म्हणून ती चांगली आहे, छत्रीइतकी. त्या काळच्या डॉक्टरांचा मात्र विश्वास याहून पुष्कळ मोठा होता. उष्ण देशातल्या सूर्याचे किरण गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूला मारतात, पाठीच्या कण्यालाही मारतात, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून टोपीचा मागचा काठ मानेवर उतरवला. तेवढ्याने भागलं नाही म्हणून शिपायांच्या पाठीवर, कण्याच्या रेषेत, कापडाची गादी लावली! पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या गोऱ्या पलटणी भर उन्हात ती गादी वागवत होत्या. ढगाळ दिवशीही टोपी सक्तीची, सूर्य मावळला की मोकळीक. दिवसा बोडकं फिरणं म्हणजे शिस्तभंग.

अमेरिकेच्या सैन्यातल्या वुड्रफ नावाच्या डॉक्टरने १९०५ साली या किरणांच्या भीतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यावरून फिलिपिन्समध्ये शेकडो सैनिकांना वर्षभर नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घालायला लावले, का तर फोटोच्या डार्करूममधल्या लाल काचेसारखे ते किरण अडवतील. फायदा काडीचा झाला नाही. उलट जास्त उकडतं अशी सैनिकांची तक्रार, आणि तसा अहवाल सैन्याच्याच डॉक्टरने दिला. मी कपड्यांच्या धंद्यात जन्म घालवला, पण एवढा महाग उद्योग दुसरा ऐकला नाही.

उष्माघात कवटीतून शिरत नाही. अंग स्वतःच उष्णता तयार करतं आणि मुख्यतः घाम वाळून ती बाहेर टाकतं. १८५७-५८च्या उन्हाळ्यात गोरे शिपाई उन्हाने पटापट मेले, तेव्हा कित्येकांच्या अंगात लोकरीचा कोट होता, गळ्याला चामड्याचा ताठ पट्टा, पाठीवर ओझं, आणि प्यायला पाणी नाही. अशा माणसाच्या डोक्यावर तुम्ही दुसरं काहीही ठेवलंत तरी काय होणार होतं? गळ्याची गुंडी सोडली असती, पखालवाला वेळेवर आला असता, तर जास्त वाचले असते.

तेव्हा टोपी घालायची तर खुशाल घाला, आजोबांची आठवण म्हणून घाला. पण तिच्या भरवशावर दुपारी एक वाजता रावेरच्या केळीच्या बागेत उभे राहू नका. आपला ओला रुमाल डोक्या-मानेला गुंडाळलेला बरा. हवा कोरडी असल्यामुळे तो लवकर वाळतो आणि वाळताना गारवा देतो. पाणी मात्र पोटात गेलंच पाहिजे. कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर कांदा-बिंदा शोधत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा.

टोपीला ओल लागू देऊ नका, आत वेखंड ठेवा. विकायची असेल तर आधी मला सांगा.

ही टोपी गोऱ्यांनाच का? आपल्या शिपायांना उन्हाचा त्रास नव्हता का?
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

सर, होता की. पण हिंदी माणसाला ऊन बाधत नाही, हेही त्याच डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. आपल्या शिपायाच्या डोक्याला पागोटं होतं, आणि अनेक घड्यांचं सुती पागोटं ऊन अडवायला तसंही कमी नाही. गंमत बघा, साहेबाच्या टोपीभोवती जे कापड गुंडाळत तेही पगडीवरूनच उचललेलं. त्याच्या घड्या, त्याचे रंग पलटणीप्रमाणे ठरलेले. म्हणजे हिंदी पलटणीत शिपायाच्या डोक्यावर पगडी, आणि त्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर पगडी गुंडाळलेलं बूच.

पुढे पुढे ऊन राहिलं बाजूला आणि टोपी हुद्दा सांगू लागली. कलेक्टर, रेल्वेचा इन्स्पेक्टर, मळ्याचा मालक, सगळे तिच्याखाली. भुसावळच्या आजोबांची टोपीही मला त्यातलीच वाटते. १९३६ साली फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा मांडवात गांधीटोप्यांची दाटी होती. ऊन अडवायच्या कामी ती टोपी काहीच नाही, पण कोण कोणाचा ते कोसावरून कळत होतं.

मी माजी सैनिक. व्हिएतनामी जवानांच्या डोक्यावर अशीच हिरवी टोपी पाहिली. मग इंग्रजांनीच ती का टाकली?
— नंदुरबार

भाऊ, तुम्हाला पटेल असं पहिलं कारण सांगतो. पालथं पडून नेम धरा. मागचा लांब काठ पाठीला टेकतो, टोपी पुढे ढकलली जाते आणि डोळ्यांवर येते. १८९९ ते १९०२च्या बोअर युद्धात गोऱ्या शिपायांना हा अनुभव पोटभर आला आणि पुष्कळांनी रुंद काठाची मऊ टोपी धरली. पांढरा रंग तर लांबून निशाण दाखवायचा. झुलू युद्धातच शिपाई चहाच्या पाण्यात किंवा चिखलात बुडवून ती मळकट करत. नंतर खाकी खोळ आली, मग वुल्सली पद्धतीची बसकी, मागे पसरट काठाची खाकी टोपी आली. गोळी किंवा तोफगोळ्याची कपची यातली एकही अडवत नाही. १९१५पासून पोलादी शिरस्त्राणं आली आणि लढाईपुरता हिचा प्रश्न संपत गेला.

दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेतल्या जर्मन फौजेला बुचाच्या टोप्या मिळाल्या होत्या, पण जवानांना आपली झडपेची कापडी टोपीच बरी वाटली. इंग्रज शिपाई वाळवंटात पोलादी शिरस्त्राण घालून नाहीतर बोडका फिरला, ब्रह्मदेशात मऊ टोपीत लढला, आणि कवटी भेदणारे किरण काही कोणाला दिसले नाहीत. १९४८ साली त्यांच्या सैन्याने ती रोजच्या वापरातून काढून टाकली. संचलनात अजून आहे. ब्रिटनच्या रॉयल मरीन्सचं बँडपथक पांढरी वुल्सली घालतं, मोनॅकोच्या राजवाड्याचे पहारेकरी उन्हाळ्यात पांढरी टोपी घालतात.

व्हिएतनामची गोष्ट वेगळी वाटेने गेली. फिलिपिन्समध्ये सालाकोट नावाची शेतकऱ्याची शंकूसारखी टोपी होती. ती तिथल्या स्पॅनिश फौजेने घेतली, तिच्यावरून फ्रेंचांनी इंडोचायनात आपली केली, आणि फ्रेंचांना हाकलणाऱ्यांनी त्यांचीच टोपी हिरवी करून ठेवून घेतली. तिथे शेतकरी आणि हमालही ती घालतात. साहेबी तोरा पार धुऊन निघाला. मला विचाराल तर या टोपीचं कोणी सोनं केलं असेल तर त्यांनी.

१९४२च्या चळवळीत नंदुरबारला हुतात्मा झालेल्या शिरीषकुमारवरच्या नाटकासाठी अशी टोपी घरी करता येईल का? भाडं परवडत नाही.
— एक विद्यार्थिनी, चाळीसगाव

येते की, बेटा. वर्तमानपत्रं दोन दिवस भिजत घाल. मूठभर मेथ्याही भिजव आणि दोन्ही एकत्र वाटून लगदा कर, आजी टोपल्या करायची तसा. डोक्याच्या मापाचं मडकं पालथं घाल, त्यावर प्लास्टिक, त्यावर लगदा बोटभर जाड थाप. पुरतं वाळल्याशिवाय काढू नकोस. काठ पुठ्ठ्याचा काप, मागे पुढच्यापेक्षा चार बोटं जास्त, आणि खळीने खाकी कापड चिकटव. माथ्यावर औषधाच्या बाटलीचं झाकण. आत कपाळाच्या पट्ट्यामागे स्पंजचे तुकडे लाव, म्हणजे फट राहील आणि नट घामाघूम होणार नाही.

प्रसंग १९४२चा आहे, तेव्हा पितळी टोक नको. टोपी एकाच गोऱ्या अधिकाऱ्याला दे. मागे एका शाळेने शिपायांसकट सगळ्यांना सोला हॅट घातल्या होत्या आणि रंगमंचावर कोण हुकूम सोडतोय तेच कळेना. वर माझ्या दोन टोप्या चेपून परत आल्या त्या वेगळ्याच.