तुर्कस्तानातल्या दाचा द्वीपकल्पावर काय बघावं?

वेळ कमी असला तरी क्निडोस या प्राचीन ग्रीक शहराचे अवशेष सोडू नका! दाचा गावापासून साधारण ३५ किमी, पार टोकाला, जिथे एजियन आणि भूमध्य समुद्र भेटतात, दोन जुनी बंदरं, समुद्राकडे तोंड केलेलं ग्रीक थिएटर, प्राचीन ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसने घडवलेली प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटची मूर्ती इथलीच, आता मूळ मूर्ती उरलेली नाही, आणि इथला भलामोठा संगमरवरी सिंह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तो इथेच असायला हवा होता असं मला फार वाटतं. सावली जवळजवळ नाहीच, सकाळी लवकर जा. येताना पालामुतबुकूला पोहून घ्या, बीच गोट्यांचा आहे पण पाणी एकदम स्वच्छ. सप्टेंबर बेस्ट, गर्दी कमी आणि पाणी अजून कोमट असतं. बोद्रुम शहराहून दाचाला फेरी बोट मिळते. आणि हो, इथले बदाम नक्की घ्या.