सुट्टीची वाट पाहत राहिलेले संशोधन

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील महाविद्यालयांत आणि विद्यापीठात शिकवणारे अनेक जण माझ्याकडे एकच चिंता घेऊन येतात. पीएच.डी. झाली, नोकरी लागली आणि त्यानंतर संशोधन थांबले ते थांबलेच. पदोन्नतीचा अर्ज भरताना प्रकाशनांचा रकाना रिकामा दिसतो आणि आपल्यात संशोधकाची कुवतच नव्हती की काय, अशी शंका मन पोखरू लागते. अशाच एका सहायक प्राध्यापकांचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडते.

हे सर अर्थशास्त्र शिकवतात. वडगाव आणि खासबाग येथील यंत्रमाग विणकरांच्या कर्जाविषयी त्यांनी घरोघर फिरून माहिती जमवली होती, मात्र त्या वह्या कित्येक वर्षे कपाटात पडून होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. त्याभोवती अंतर्गत गुण, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, कागदपत्रे आणि परीक्षेचे काम असतेच. "मॅडम, मे महिन्यात सगळं एकदम लिहून काढायचं असं दरवर्षी ठरवतो," ते म्हणाले, "पण मे महिना पेपर तपासण्यात आणि लग्नकार्यांत संपतो."

मी त्यांना एक आठवडाभर वेळेची नोंद ठेवायला सांगितली. संपूर्ण मोकळा दिवस त्या नोंदीत कुठेच नव्हता, परंतु सकाळी पहिल्या तासाआधीचा पाऊण तास बहुतेक दिवशी हाताशी होता आणि तो व्हॉट्सॲपवरील परिपत्रके वाचण्यात जात होता. इतक्या थोड्या वेळात संशोधन होत नसते, ही त्यांची ठाम समजूत होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या तीन गटांचे निरीक्षण करून 1989 मध्ये नेमकी हीच समजूत तपासली होती. जुन्या सवयीप्रमाणे सवड मिळेल तेव्हा लिहिणाऱ्यांची वर्षाला सरासरी 17 पाने झाली, रोज थोडे लिहून नोंद ठेवणाऱ्यांची 64, आणि रोज लिहून ती नोंद दुसऱ्या कोणाला नियमितपणे दाखवणाऱ्यांची 157. हा अभ्यास लहान होता, आणि रोज न लिहिताही भरपूर काम करणारे प्राध्यापक असतात, हेही मी सरांना सांगितले. तरीही तिसऱ्या गटाचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे एकटेपणाने खचलेले प्राध्यापक मी जितके पाहिले तितके आळशी पाहिलेले नाहीत. सरांनी निपाणीच्या एका सहकाऱ्याशी ठरवले की दर शनिवारी दोघांनी आपापले लिखाण, ते कितीही कच्चे असले तरी, एकमेकांना पाठवायचे.

पहिले काही आठवडे तरीही पान पुढे सरकेना. चौकशी केली तेव्हा खरी अडचण कळली. सरांचे शिक्षण मराठी माध्यमातले, विभागाच्या बैठका कन्नड आणि इंग्रजीत, विणकरांची उत्तरे मराठी आणि कन्नडमध्ये, आणि लेख मात्र पहिल्या वाक्यापासून इंग्रजीत लिहायचा त्यांचा हट्ट. त्यामुळे मुद्दा सुचत असतानाच व्याकरणाची धास्ती त्याला अडवत होती. पहिला खर्डा मराठीत लिहावा, विणकरांचे बोलणे ज्या भाषेत झाले त्याच भाषेत उतरवून घ्यावे आणि युक्तिवाद उभा राहिल्यावरच इंग्रजीकडे वळावे, असे मी सुचवले. त्यांना हे कमीपणाचे वाटले, "इतकी वर्षं शिकवून परत मराठीत लिहू?" असे त्यांनी विचारलेही. पण सीमाभागातील अध्यापकांना यानेच सर्वाधिक मोकळे केल्याचे मी पाहिले आहे. सावकाराच्या आगाऊ रकमेमुळे विणकर कापडाचा भाव ठरवू शकत नाही, हा त्यांच्या लेखाचा मुख्य मुद्दा मराठी खर्ड्यातच प्रथम स्पष्ट झाला.

व्यक्तीच्या शिस्तीवर सगळा भार टाकणे मात्र मला अन्यायाचे वाटते. सरांनी विभागप्रमुखांशी बोलून सकाळचा तो वेळ बैठकांपासून मुक्त करून घेतला. हे शक्य झाले कारण त्यांची नोकरी कायम होती. दोन-तीन ठिकाणी तास घेऊन घर चालवणाऱ्या अतिथी व्याख्यात्यांना एवढीही सवलत मागता येत नाही, आणि संस्थेने वेळ दिल्याशिवाय त्यांच्यासाठी माझा सल्ला अपुराच राहतो.

याच काळात शुल्क भरल्यास आठवड्यात लेख छापून देणाऱ्या एका नियतकालिकाचा ईमेल त्यांना आला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये आपली केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आली आहे, आणि चिंतेने घायकुतीला आलेला माणूस अशा वेळी चटकन फसतो. सरांनी तो मोह टाळून समीक्षकांकडून लेख तपासून घेणारे नियतकालिक निवडले. तेथून लेख दुरुस्तीसाठी परत आला, तेव्हा कुवतीची जुनी शंका पुन्हा उसळली. आम्ही समीक्षकांचे आक्षेप एकेक करून वाचले. त्यांतील बहुतेक व्याजदराच्या तक्त्याविषयी होते, लेखकाच्या योग्यतेविषयी एकही नव्हता. त्या तक्त्यासाठी काही विणकरांना पुन्हा भेटणे आवश्यक आहे, म्हणून सर सध्या रविवारी वडगावला जातात आणि सोमवारी सकाळी ती टिपणे लिहून काढतात.