ओरिजिनॅलिस्ट न्यायाधीश आले की अमेरिकेच्या केंद्र सरकारची सत्ता आपोआप आटते का?

नाही, आपोआप तर नाहीच. सुप्रीम कोर्टात ओरिजिनॅलिस्टांचं बहुमत झालं की वॉशिंग्टनचे, म्हणजे केंद्राचे, अधिकार घटना लिहिली गेली त्या १७८७ च्या मापात परत बसतील का, असं तुम्ही विचारलंय. बातम्या वाचून तसं वाटतं खरं. पण ओरिजिनॅलिझम ही घटना वाचण्याची पद्धत आहे, आणि सरकार लहान असावं हा राजकीय आग्रह. बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसात सापडतात म्हणून गल्लत होते.

पद्धत थोडक्यात अशी: एखादी तरतूद मंजूर झाली त्या काळच्या सुजाण वाचकाने तिचा जो अर्थ घेतला असता, तोच आजही लागू. घटनाकारांच्या मनात काय होतं, हे त्यात गौण.

आता अधिकारांकडे. अमेरिकेत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, काय काय करता येईल याची यादीच घटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या उपकलमात दिली आहे. यादीत नसलेलं ते राज्यांचं किंवा जनतेचं, असं १७९१ ची दहावी दुरुस्ती सांगते. आपल्याकडे नेमकं उलट आहे. उरलेले विषय कलम २४८ नुसार संसदेकडे जातात. आपल्या सवयीने तिकडची भांडणं वाचली तर ती कशावरून पेटलीत हेच कळत नाही.

बहुतेक भांडणं पेटतात ती यादीतल्या 'राज्याराज्यांमधल्या व्यापारा'वरून. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला केंद्राच्या कायद्याने ११.१ एकर गव्हाची परवानगी होती, त्याने पेरला २३ एकर. जास्तीचा गहू मी घरच्या जनावरांना आणि दळणाला वापरतो, बाजाराशी त्याचा संबंध काय, असं त्याचं म्हणणं. सरकारने त्याला ११७ डॉलर ११ सेंट दंड लावला. १९४२ मध्ये कोर्टाने एकमताने सरकारची बाजू घेतली: असे सगळेच शेतकरी वागले तर देशभरातल्या गव्हाच्या भावावर परिणाम होणारच. या युक्तिवादाला शेवट कुठे, ते मला अजून दिसलेलं नाही. १९९५ च्या लोपेझ खटल्यात कोर्टाने पहिल्यांदा ब्रेक लावला. शाळेजवळ बंदूक बाळगणं म्हणजे व्यापार नव्हे, म्हणून तो केंद्रीय कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. स्कॅलिया आणि थॉमस हे कोर्टातले दोन्ही ओरिजिनॅलिस्ट न्यायाधीश बहुमतात होते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र २००५ च्या रेच खटल्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने रुग्णांना डॉक्टरांच्या सल्ल्याने गांजा वापरता येत होता, केंद्राचा कायदा म्हणे अजिबात नाही. विक्री नाही, राज्याची सीमा ओलांडणं नाही, सगळं घरच्या घरी. तरी केंद्र ६ विरुद्ध ३ ने जिंकलं आणि त्या सहांत स्कॅलिया होते! देशभरातला व्यापार आवरायचा तर ही घरगुती लागवडही आवरणं 'आवश्यक आणि उचित' ठरतं, ही त्यांची वाट. आणि ते शब्दही त्याच आठव्या उपकलमात आहेत. थॉमस विरोधात गेले. याला व्यापार म्हणायचं तर उद्या गोधड्या शिवायला जमलेल्या बायकांवरही केंद्राचा कायदा चालेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. दोघांची पद्धत एक, निकाल दोन टोकांचे.

कोणी म्हणेल, स्कॅलिया तिथे घसरले. असेलही, मला स्वतःला थॉमसांचं मत जास्त पटतं. पण 'आवश्यक' म्हणजे किती आवश्यक, यावर खुद्द घटनाकारांचंही जमलं नव्हतं. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक काढायला हॅमिल्टनच्या मते घटनेची आडकाठी नव्हती, तर मॅडिसनच्या मते काँग्रेसला तो अधिकारच नव्हता. पुढे १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही कोणी केली? मॅडिसननीच. तेव्हा मूळ अर्थ शोधायला गेलात तर काही ठिकाणी मूळ अर्थाऐवजी मूळ वादच हाती लागतो.

म्हणून एखाद्या न्यायाधीशाला नुसतं ओरिजिनॅलिस्ट म्हटलंय एवढ्यावरून अंदाज बांधू नका. व्यापाराचं कलम तो किती आखूड वाचतो आणि जुन्या निकालांचा मान किती राखतो, ते बघा. थॉमस जुने निकाल मोडायला कचरत नाहीत, स्कॅलिया बरेच सांभाळून घेत. रेचमधली त्या दोघांची मतं शेजारी ठेवून वाचा, फार लांब नाहीत. मग थॉमसांचं २०२१ चं छोटं टिपणही वाचा: केंद्रच गांजाबंदी अर्धवट राबवतं, मग रेचचा आधार आता उरला आहे का, असा सवाल त्यांनी त्यात केला आहे.